त्रास एकीचा, चाचणी दुसरीची

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी मुळात ज्या बाईला काहीच होत नाही तिच्यासाठी आहे. तिशी ओलांडलेली, धडधाकट, दवाखान्याची पायरी चढायचं काही कारण नसलेली बाई. आपल्याकडे तिच्यापर्यंत ही चाचणी पोचत नाही, आणि खाज, आग, दुखणं यांनी जीव मेटाकुटीला आलेल्या बावीस-चोवीस वर्षांच्या मुलीच्या हातात मात्र तिचा रिपोर्ट पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तुमची कधी तपासणी झाली आहे का. देशभरात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. माझं म्हणणं असं की तरुण मुलींचं न उलगडणारं दुखणं हा एक प्रश्न आहे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हा दुसरा. दोन्ही एकाच पिशवीत कोंबल्याने दोन्हीकडच्या बायकांचं नुकसान होतंय, आणि कुणाचा तरी धंदा त्यावर बरा चाललाय.

समजा, नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिलेली चोवीस वर्षांची मुलगी आहे. तीन-चार महिने झाले, खाली आग होते. लघवीची तपासणी स्वच्छ आली. खाज कधी असते, कधी नसते. घट्ट जीन्स घालून अर्धा तास स्कूटरवर बसलं की जास्त. पाळीत कप वापरून बघितला, तर आत घालतानाच डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवस बरं वाटलं. मग बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी, मग आणखी एक. मग दवाखाना. तिथे 'लग्न झालंय का' एवढं विचारून, न तपासता, पुन्हा तीच गोळी आणि वर एक इंटिमेट वॉश. रात्री फोनवर शोधता शोधता 'एचपीव्ही' हा शब्द समोर आला आणि झोप उडाली. एका लॅबचं 'वुमन्स वेलनेस' छापाचं पॅकेज होतं, किट घरपोच. काही दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ आली: हाय रिस्क एचपीव्ही, डिटेक्टेड. हा शब्द ठळक, लाल. पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ: क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड, म्हणजे लक्षणं आणि तपासणीशी ताडून बघा.

त्या क्षणी तिला तीन गोष्टी खात्रीने वाटतात. आगीचं कारण सापडलं. मला कॅन्सर होणार. आणि मित्राने फसवलं. यातली एकही त्या कागदावर लिहिलेली नाही.

पहिलीच घेऊ. एचपीव्ही हा विषाणू त्वचेच्या आणि श्लेष्मल पडद्याच्या वरच्या थरातल्या पेशींत राहतो. तिथे तो गुपचूप राहतो. सूज आणत नाही, ताप आणत नाही, आग करत नाही. म्हणून तर शरीराच्या पहारेकऱ्यांना तो लवकर सापडत नाही आणि बाईला स्वतःला तर कळतच नाही. त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. त्यातले ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार जननांगावर चामखिळी आणतात. त्या डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात, बहुतेक वेळा दुखत नाहीत. गंमत अशी की 'हाय रिस्क' चाचणी हे दोन प्रकार शोधतच नाही. ती १६, १८ आणि त्यांच्या भाऊबंदांपुरती, डझनभर प्रकारांपुरती आहे. म्हणजे चामखीळ असेल तर या चाचणीचा उपयोग नाही, आणि आग असेल तर तिच्याशी या चाचणीचा संबंध नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. एचपीव्हीमुळे योनीच्या बाहेरच्या भागावर कर्करोगपूर्व चट्टा येऊ शकतो आणि त्याला खाज सुटू शकते. पण तो चट्टा दिवा लावून बघितल्यावर दिसतो आणि तुकडा तपासून ठरतो. आतून घेतलेल्या नमुन्याच्या रिपोर्टातून तो कळत नाही. तिथेही गरज बघण्याचीच.

दुसरी गोष्ट कॅन्सरची. हेराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचं नातं सिद्ध केलं, त्यासाठी त्याला २००८ साली नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या जवळपास ७० टक्के केसेसना कारण ठरतात. हे सगळं खरं. पण त्या वाक्याचा उलटा अर्थ खरा नाही. शारीरिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू भेटतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत तो दिसेनासा होतो. जो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो त्याचीच काळजी. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या बाईत तिथपासून कर्करोगापर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. विशीत हा विषाणू सगळ्यात जास्त सापडतो आणि विशीतच तो सगळ्यात सहज निघून जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी तिशीपासून करायला सांगितली. एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी पंचविशीपासून. इंग्लंडमध्ये सगळ्यांसाठीच पंचविशीपासून आहे. चोवीस वर्षांची मुलगी यातल्या कुठल्याही यादीत बसत नाही, आणि ती नजरचुकीने सुटलेली नाही. विचार करून तिला बाहेर ठेवलंय.

तिसरी गोष्ट मित्राची. विषाणू आज सापडला म्हणजे आज आला असं नव्हे. तो वर्षानुवर्षं दबून राहून पुन्हा डोकं वर काढू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे सांगणारी कुठलीही चाचणी नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली मान्य चाचणीच नाही, त्यामुळे 'त्यानेही करून घ्यावी' हा मार्गही बंद. तरीही या एका शब्दावरून घरात रणं माजतात, ठरलेली लग्नं मोडतात. लॅबने कागद पाठवला, काम संपलं. तो वाचायचा कसा, हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नाही.

'पण एखादी चाचणी जास्त केली तर बिघडलं कुठे' हा प्रश्न मला समजूतदार माणसांनी विचारलाय. बिघडतं, आणि इतिहास आहे त्याला. १९८० च्या दशकात एचपीव्हीचा बोलबाला नुकता सुरू झाला होता. तेव्हा अमेरिका-युरोपातल्या दवाखान्यांत योनीमुखाच्या आगीने हैराण झालेल्या बायकांना सर्रास सांगितलं जाई की तुम्हाला 'छुपा एचपीव्ही' आहे. व्हिनेगरसारखं ॲसेटिक ॲसिड लावलं की त्वचा पांढरी दिसायची, तोच पुरावा. योनीमुखाच्या आत कित्येक जणींना जन्मजात बारीक, मऊ, सारख्या आकाराचे दाणे असतात. अगदी नॉर्मल. त्यांनाही चामखिळी ठरवलं गेलं. मग लेसरने जाळणं, ॲसिड लावणं, इंटरफेरॉनची इंजेक्शनं. पुढे नीट अभ्यास झाले तेव्हा दिसलं की त्या आगीशी एचपीव्हीचं नातं जुळत नाही. अनेकींची मूळ आग तशीच राहिली, वर जाळल्याच्या जखमा. ही चूक चाळीस वर्षांपूर्वी करून, समजून, सुधारून झालेली आहे. ती आपण आता ॲपवरून पुन्हा मागवायची काही गरज नाही.

शिवाय रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणूस तिथे थांबत नाही. कॉल्पोस्कोपी होते, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून बघतात. तरुण गर्भाशयमुखावर काही ना काही पांढुरकं दिसतंच. मग तुकडा, मग 'काढून टाकू, रिस्क कशाला'. गर्भाशयमुखाचा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. पस्तिशीतल्या खऱ्या कर्करोगपूर्व बदलासाठी हा धोका पत्करणं शहाणपणाचं आहे. चोविशीत, आपण होऊन जाणार असलेल्या विषाणूसाठी, नाही.

आणि या सगळ्या धावपळीत आग का होतेय, हे बघायचं राहूनच जातं.

ती का होत असेल? शक्यता बऱ्याच आहेत आणि बहुतेक अगदी साध्या आहेत. कॅन्डिडाची बुरशी. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ज्यात योनीतल्या चांगल्या जिवाणूंचं प्रमाण बिघडतं आणि माशासारखा वास येतो. ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी. क्लॅमिडिया, गोनोरिया, हर्पीस हे संबंधातून पसरणारे संसर्ग. हे तपासायला लाजू नये आणि टाळूही नये. सुगंधी पॅड, केस काढायची क्रीम, डेटॉलचं पाणी, साबण. आणि ज्याची टीव्हीवर जाहिरात चालते तो वॉशसुद्धा. योनी स्वतःची साफसफाई स्वतः करते, तिथला सामू (पीएच) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान आम्ल राखायचं काम लॅक्टोबॅसिलस जिवाणू विनामोबदला करतात. बाहेरून साधं पाणी पुरतं. ही माहिती फुकट असल्यामुळे तिची जाहिरात कुणी करत नाही.

खास आपल्याकडचं एक कारण आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही: गजकर्ण. जांघेतला नायटा. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात त्याची साथच आहे आणि ती हट्टी झाली आहे, कारण मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक अशी भेळ असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, गोल कडा पुसट होते, आणि त्वचा पातळ होऊन नुसत्या पाण्यानेही झोंबायला लागते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीच्या जातीला तर आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं आपल्या देशाचं नावच चिकटलंय. त्वचारोगतज्ज्ञांनी या ट्यूबांविरुद्ध कंठशोष केला, २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा, किती चिठ्ठ्या मागतात.

लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार आहे, त्यात त्वचा पांढरी, पातळ, सुरकुतलेली होते. तो म्हातारपणी होतो असं समजतात, पण तरुणींना, अगदी लहान मुलींनाही होतो. तिथे मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ताकदवान स्टेरॉइडच लागतं. म्हणजे तीच ट्यूब एकीला विष आणि दुसरीला औषध. बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

आणि शेवटी व्हल्व्होडीनिया. किमान तीन महिने टिकलेलं, उघड कारण न सापडणारं योनीच्या बाहेरच्या भागाचं दुखणं, अशी त्याची व्याख्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली एकमताने केली. संसर्ग नाही, जखम नाही, रिपोर्ट स्वच्छ, आणि तरी आग. अनेकींत योनीमुखाच्या एका अरुंद पट्ट्यातच ती असते, स्पर्श झाला की. अनेकींत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असतात. दुखेल या भीतीने ते आणखी आवळतात, आवळले की आणखी दुखतं. या दुखण्याला उपचार आहेत: स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी, बधिर करणारं मलम, नसांच्या दुखण्यावरची औषधं छोट्या मात्रेत, कधी समुपदेशन. वेळ लागतो, पण बऱ्याच जणींना खरोखर बरं वाटतं. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका' हे मात्र उपचारात मोडत नाही.

हे ओळखायची तपासणी कशी असते, ते एकदा नीट सांगायला हवं, कारण बहुतेक मुलींनी ती कधी अनुभवलेलीच नसते. आधी विचारणं: कधीपासून, कशाने वाढतं, काय काय लावलं, पाळीशी संबंध आहे का, सायकल चालवताना, संबंधाच्या वेळी, की नुसतं बसल्या बसल्याही. मग उजेडात बाहेरून बघणं. मग कानात घालायची असते तशी कापसाची काडी किंचित ओली करून योनीमुखाच्या भोवती घड्याळाच्या आकड्यांसारखं एकेका जागी हलकेच टेकवायची आणि विचारायचं, इथे? किती? पाच आणि सात वाजण्याच्या जागी काडी टेकताच पेशंट दचकून मागे सरकली, तर रोगनिदान निम्म्याहून अधिक झालं. मग स्रावाला सामू मोजणारी कागदी पट्टी लावायची. साडेचारच्या आत असेल तर बुरशीची शक्यता धरता येते. वर गेला तर व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनास मनात ठेवायचं. काचेवर एक थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. बुरशीचे धागे दिसतात, ट्रायकोमोनास तर हलताना दिसतो. यात आत काही घालावं लागलेलं नाही. सूक्ष्मदर्शक मलेरियाच्या काचा बघायला प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतो. पट्टीची किंमत नगण्य. महाग आहे तो वेळ, वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं कुठल्याच पॅकेजात धरलेली नाहीत.

इथे 'लग्न झालंय का' या प्रश्नाकडे यावंच लागतं. डॉक्टरांना विचारायचं असतं, संबंध आलेत का. तो प्रश्न योग्य आहे, त्यावरून कुठल्या तपासण्या करायच्या ते ठरतं. पण तो थेट विचारायची आपल्या व्यवस्थेला लाज वाटते. मग लग्नाचं विचारतात. 'नाही' म्हटलं की दोन गोष्टी गृहीत: संबंध नाहीत, आणि आता तपासता येणार नाही. दोन्ही चूक. एकटी गेलेली मुलगी खोटं बोलते, आईबरोबर गेलेली गप्प बसते. क्लॅमिडिया राहून जातो, कापसाची काडी राहून जाते. परवानगी घेऊन बाहेरून बघायला लग्नाचा दाखला लागत नाही. आईला पाच मिनिटं बाहेर बसवून मुलीशी बोलावं, एवढी रीत जरी प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने पाडली तरी पॅकेजवाल्यांचं निम्मं गिऱ्हाईक कमी होईल असा माझा अंदाज आहे. मुली लॅबकडे वळतात त्या चाचणीच्या प्रेमाने नव्हे. कुरिअरने आलेलं किट त्यांना लग्नाचं विचारत नाही, म्हणून वळतात.

न तपासता औषध देण्याची रीत सरकारी दवाखान्यातही आहे. पांढरं जाण्यावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं हिरवं पाकीट मिळतं, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल. जिथे लॅब नाही, डॉक्टर नाही, बाई पुन्हा येईल याचा भरवसा नाही, तिथे लक्षणावरून औषध देण्यामागे विचार होता. तो मी मोडीत काढत नाही. पण एकदा पाकीट देऊन गुण आला नाही तर दुसऱ्यांदा पाकीट देऊ नये, तपासावं, हा त्याचा पुढचा भाग आपण सोयीने विसरलो.

बायकांचं हे दुखणं लपलेलं होतं असंही म्हणता येत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग निघाला. त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभर त्याचा दाखला दिला जातो. तेव्हा जगाला कळलं की गर्भारपण आणि कुटुंबनियोजन सोडून बाईला आणखीही शरीर असतं. आपण त्यातून काय घेतलं? बीडकडे बघा. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्या शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असं कुणी म्हणणार नाही. पण बायकांनी सांगितलेल्या हकिकती एकमेकींशी जुळतात: अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून गेलो, 'पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं. पाण्याची सोय नाही, पाळीला सुट्टी नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अशा बाईला 'कॅन्सर' हा शब्द पुरेसा असतो.

पुण्यातल्या मुलीच्या मोबाइलवरचा लाल शब्द आणि बीडच्या दवाखान्यातला तो शब्द एकच काम करतात. त्रासाचं कारण शोधायची मेहनत वाचवतात आणि भीतीच्या जोरावर पुढचं बिल काढतात. एकीकडे चार-पाच हजारांचं पॅकेज, दुसरीकडे शरीराचा अवयव. या दोन बायकांची परिस्थिती एक आहे असा माझा दावा नाही. युक्ती मात्र एक आहे.

मग कर्करोगाची भीती खोटी का? मुळीच नाही. भारतात दरवर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण सापडतात आणि पाऊण लाखाहून जास्त बायका त्याने मरतात. मरणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या, आणि त्यांचा आजार कळतो तो रक्तस्राव सुरू झाल्यावर, उशिरा. इथे एक गोष्ट वयाचा विचार न करता सांगायला हवी: संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा जात असेल, तर गर्भाशयमुख डोळ्यांनी बघून घ्यायलाच हवं. एचपीव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून घरी बसायचं नाही. लक्षणं नसलेल्यांना चाळून काढायची चाचणी ही. लक्षणं असलेल्या बाईला या चाचणीवर सोडून देणं दोन्ही बाजूंनी घातक.

आणि ही चाचणी कामाची आहे हे जगाला सिद्ध करून दिलं ते मराठवाड्याने. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली एक अभ्यास सुरू केला. ५२ गटांत विभागलेली गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एकदाच एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन बघणं, काहींत ॲसेटिक ॲसिड लावून बघणं, काहींत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा एचपीव्हीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या होत्या, नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर. हे २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं आणि आज ज्याच्या आधारावर श्रीमंत देश आपले कार्यक्रम बदलतात त्या पुराव्यांत त्याची गणना होते. त्या शेवटच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती टीका मला पटते. म्हणूनच त्या बायकांचं आपल्यावरचं देणं जास्त होतं.

ते आपण फेडलेलं नाही. केंद्राच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडने तपासणी करायची आहे. ही पद्धत टाकाऊ नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ती दर दोन वर्षांनी करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण धाराशिवच्या अभ्यासात एकदाच केल्यावर तिचा तसा फायदा दिसला नव्हता. वारंवार आणि निगुतीने करावी लागते, आणि बाईला टेबलावर झोपावं लागतं. एचपीव्हीच्या चाचणीत नमुना बाई स्वतः घेऊ शकते, आडोशाला उभी राहून, दोन मिनिटांत. जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य आहे. पस्तिशीला एकदा, पंचेचाळिशीला एकदा, एवढ्यानेही खूप साधतं. टीबीसाठी वापरली जाणारी ट्रूनॅट यंत्रं तालुक्यातालुक्यांत पोचलेली आहेत, बनवणारी कंपनी गोव्याची आहे, आणि त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची चिपही आहे. लसही पुण्यातच बनते. सर्व्हाव्हॅकला २०२२ साली मान्यता मिळाली. मुलींना ती वयात येण्याआधी मिळावी, याबद्दल वेगळं सांगायला नको. पण ज्या बायका आज पस्तीस वर्षांच्या आहेत त्यांना लसीचा उपयोग थोडा. त्यांना चाचणीच हवी.

तेव्हा मागणी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या गोष्टींची करायची आहे. पंचविशीच्या आतल्या मुलींना आरोग्य पॅकेजच्या नावाखाली एचपीव्हीची चाचणी विकायला आरोग्य खात्याने मनाई करावी, आणि कुठल्याही वयात तिचा रिपोर्ट देताना समजावून सांगणारं माणूस देणं लॅबवर बंधनकारक करावं. स्त्रीरोग विभागांनी योनीच्या दुखण्याची बाह्यरुग्ण तपासणी आठवड्यातून एक दिवस, त्वचारोग विभागाला आणि फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन, सुरू करावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हे तिन्ही विभाग एकाच आवारात असतात, नवी इमारत लागत नाही.

आणि स्वतः नमुना घ्यायच्या एचपीव्ही चाचणीचा सरकारी कार्यक्रम धाराशिव जिल्ह्यातून सुरू करावा. १९९९ नंतरच्या त्या वर्षांत ज्या बायकांनी अभ्यासाच्या कागदावर सही केली किंवा अंगठा उठवला, त्यांच्या लेकीसुना आज तिशी-चाळिशीत आहेत. आशाताईंकडे गावातल्या बायकांची वयासकट यादी आहेच.